सुतारकामाचा क्लब काढताय? आधी मोजपट्टी घेऊन अंगणवाडीत जाऊन या

साताऱ्याच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारलंय, ते थोडक्यात असं. कॉलनीतले आठ-नऊ जण मिळून सुतारकामाचा क्लब काढतायत. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. अधिकाऱ्यांचा मुलगा मेलबर्नला असतो. तिथली ‘मेन्स शेड’ (निवृत्त पुरुष एकत्र जमून लाकूडकाम वगैरे करतात ती जागा) पाहून आल्यापासून ही कल्पना डोक्यात घोळतेय. एकाच्या बंगल्याचं गॅरेज मिळालंय, दीड लाख रुपये जमलेत. पहिला उपक्रम म्हणून जवळपासच्या अंगणवाड्यांना पन्नास लाकडी खेळणी द्यायचं ठरलंय. यंत्रं कोणती घ्यावीत, लाकूड कुठलं वापरावं, नोंदणी करावी का, आणि आणखी काय काय बनवून देता येईल?

साहेब, मी तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. यंत्रांचं काय, दुकानदार सांगेलच.

मी कोल्हापुरात चाळीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा तयार होतो. तो नमुना बनवणारा तो पॅटर्नमेकर. निवृत्त झाल्यावर चार मित्र जमवून रविवारी सकाळी लाकूडकाम सुरू केलं, त्याला बारा वर्षं झाली. आज आम्ही एकोणीस जण आहोत. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक डेंटिस्ट, दोन कॉलेजच्या मुली आणि एक एसटीचे माजी ड्रायव्हर आहेत. हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढं जे लिहितोय ते बहुतेक चुका करून शिकलेलं आहे.

पहिली चूक तुम्ही करायला निघालाय तीच. आम्ही चाळीस ट्रक बनवले होते. सागाचे तुकडे जोडून, वर चकचकीत व्हार्निश मारून. फोटोबिटो काढले, अंगणवाडीत वाटले, खूश होऊन घरी आलो. तीन महिन्यांनी सहज डोकावलो तर सगळे ट्रक कपाटावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. ताई म्हणाल्या, “एवढं भारी सामान, पोरं मोडतील की! साहेब लोक आले की काढतो खाली.” दोन ट्रकांची चाकं निखळली होती आणि ती चाकं जेमतेम इंचभराची. तीन वर्षांच्या पोराच्या तोंडात सहज जातील अशी. नशीब म्हणायचं की ताईंनी वर ठेवले. मग त्यांनीच एक पाट पुढं केला. “अण्णा, ते ट्रक राहू देत, हा पाट तेवढा हलतोय बघा.” पावसाळ्यात तिथली फरशी ओली असायची आणि बसायला तीनच पाट होते. आम्ही तासभर तिथं उभं राहून काढला असता, तर ट्रक केलेच नसते.

तेव्हापासून गटाचा एक नियम आहे: ज्याला द्यायचं त्याच्याकडं दोनदा गेल्याशिवाय लाकडाला करवत लावायची नाही. एकदा बघायला आणि एकदा मोजायला.

त्याच्याच जोडीचा दुसरा नियम दिलेल्या वस्तूच्या दुरुस्तीचा. माझे आजोबा गावचे सुतार, बलुत्यावर काम करायचे. कुणब्याच्या घरचं औत, कुळव, मोटेचं लाकूड वर्षभर नीट ठेवायचं आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. नवं औत करून दिलं आणि हात झटकले, असं चालायचं नाही. पेरणीच्या ऐन दिवशी दांडी मोडली तर हातातलं काम टाकून जावंच लागायचं. बलुतेदारीत जातीचं ओझं होतं, त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. पण ‘मी केलेली वस्तू चालती ठेवणं माझ्याकडं’ ही गोष्ट मी तिथून उचलली. आमच्या प्रत्येक वस्तूच्या तळाला सोल्डरिंग गनच्या टोकानं नंबर डागलेला असतो. वहीत त्या नंबरापुढं तारीख, कुठं दिली आणि कुणी केली याची नोंद असते. जून आणि डिसेंबरात दोघं-दोघं जाऊन सगळं तपासून येतात. वर्षाला आमचे जवळजवळ एक तृतीयांश रविवार या दुरुस्तीत जातात. नव्या सभासदांना ते कंटाळवाणं वाटतं, पण शिकणं तिथंच होतं. प्लायच्या कडेत स्क्रू मारून लावलेली बिजागरी सहा महिन्यांत ढिली होते, हे आम्हाला वहीनं शिकवलं. आता कडेला आतून सागाची पट्टी लावतो आणि स्क्रू तिच्यात घेतो.

आता काय बनवावं ते. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं अजूनही बऱ्याच ठिकाणी सतरंजीवर बसतात. वही मांडीवर नाहीतर जमिनीवर, पाठीचं धनुष्य. मांडी घालून बसणाऱ्यासाठी छोटं उतरतं डेस्क हे क्लबला जमण्यासारखं सगळ्यात उपयोगी काम आहे. आमचं माप सोळा इंच लांब, बारा इंच रुंद, पुढची बाजू सात इंच उंच आणि मागची साडेनऊ. पेन्सिलीला खाच, वही घसरू नये म्हणून खाली दोन सुतांची पट्टी (इंचाचे आठ सूत, हे सुतारी माप सभासदांना पहिल्याच दिवशी शिकवा, वखारीत हीच भाषा चालते). पहिल्या खेपेला आम्ही हुशारी करून घडीचे पाय केले होते. एका पोराचं बोट चिमटलं, सगळी बत्तीस डेस्कं परत आणली. दुसऱ्या खेपेला पाय पक्के केले, पण एकावर एक रचता येईनात. त्याच खोलीत दुपारी पोषण आहार वाढतात, मग डेस्कं ठेवायची कुठं? तिसऱ्या खेपेला पाय जरा बाहेर तिरपे केले आणि आठ-आठची चळत लागली. कोपऱ्यांची गोलाई रुपयाचं नाणं ठेवून आखतो. पोरं वाकली की कपाळ बरोबर त्याच उंचीवर येतं.

त्यानंतर आम्ही विशेष मुलांच्या शाळेत गेलो. आमच्या गटाचं खरं काम आज तिथं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळं हालचालींवर ताबा न राहणं) असलेली सहा वर्षांची एक मुलगी. तिला बसता येत नव्हतं म्हणून आई दिवसभर मांडीवर धरायची. आम्ही बाजारातल्या लहान मुलांच्या खुर्चीचं माप घेऊन, हात वाढवून, पट्टा लावून एक छान खुर्ची करून नेली. तिला बसवलं की पाच मिनिटांत ती पुढं घसरायची. पाय काठीसारखे ताठ, डोकं मागं फेकलेलं. आम्ही पट्टा घट्ट केला, तशी ती रडायला लागली. तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (मुलांना रोजच्या हालचाली जमाव्यात म्हणून मदत करणाऱ्या) बाई शांतपणे बघत होत्या. त्यांनी पट्टा सोडला, कोपऱ्यातलं जाडजूड रजिस्टर आणून तिच्या पायाखाली ठेवलं, आणि कमरेमागं घडी घातलेला टॉवेल खोचला. पावलं टेकली, गुडघे वाकले आणि हळूहळू खांदे खाली आले. मग बाईंनी सीटची कड आणि तिच्या गुडघ्याची मागची खळी यांच्यामध्ये आपली दोन बोटं घालून दाखवली. “एवढी जागा सुटायला हवी होती. तुमची सीट लांब झाली, म्हणून ती पुढं ओढली गेली. आणि पाय लोंबकळत होते, म्हणून ताठ झाले.”

चाळीस वर्षं मिलिमीटरच्या अंशात काम केलेला मी, आणि साधं मूल मोजलं नव्हतं.

अशा खुर्चीला चार मापं लागतात. पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत, खळीपासून टाचेपर्यंत, कमरेची रुंदी, आणि बसल्यावर सीटपासून कोपरापर्यंत. कोपराचं माप म्हणजे पुढच्या ट्रेची उंची. मूल पायात स्प्लिंट (पाय सरळ धरणारा आधार) घालत असेल तर ते घालूनच माप घ्यायचं, नाहीतर पाऊण इंचाचा घोटाळा ठरलेला. सीटची पुढची कड किंचित उचललेली ठेवली की घसरणं कमी होतं. मांड्या एकमेकींवर चढत असतील तर मध्ये गादी लावलेला ठोकळा. ज्यांचे हात सारखे मागं खेचले जातात अशा मुलांना काटकोनात जोडलेल्या दोन पाठींची कोपरा-खुर्ची देतात, त्यात खांदे आपोआप पुढं येतात. यातलं कुठल्या मुलाला काय, हे थेरपिस्टच ठरवणार. आपण ठरवायचं नाही. एकदा एका सभासदानं इंटरनेटवर बघून उभं राहण्याची चौकट करून नेली. थेरपिस्टनी ती वापरायला सरळ नकार दिला. तो बिचारा रुसला, पण त्यांचंच बरोबर होतं.

इथं माझा जुना धंदा कामाला आला. कास्ट आयर्न गार होताना मीटरला साधारण १० मिलीमीटर आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात तेवढी वाढीव असते. वस्तू पुढं कशी बदलणार ते धरूनच आज माप घ्यायचं, ही त्या धंद्याची सवय. लोखंड आकसतं, पोर वाढतं. मग पायटेकाला एकेका इंचावर भोकं पाडली आणि पाठीची फळी पुढं-मागं सरकेल अशा खाचा दिल्या. सीट लहान झाली की मुलाला नवी खुर्ची द्यायची गरज नाही. डिसेंबरच्या फेरीत दोन बोल्ट काढून पाठ एक खाच मागं घ्यायची. त्या मुलीची खुर्ची चार वर्षं चालली. आता ती दुसऱ्या मुलाकडं आहे, तळाला नंबर तोच.

अंध मुलांच्या शाळेसाठी ब्रेलचे सहा ठिपके शिकवायला सहा भोकांची फळी आणि खुंट्या करतो. काम सोपं, कॉलेजच्या मुली एका सकाळी दहा करतात. पहिला नमुना बघितल्यावर तिथल्या सरांनी (ते स्वतः अंध आहेत) फळी हातात फिरवली आणि विचारलं, “वरची बाजू कुठली?” आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. तेव्हापासून वरचा उजवा कोपरा तिरपा कापतो.

एक काम मात्र ठरवून घेतलेलं नव्हतं. ऑगस्ट २०१९ चा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. करवीर आणि शिरोळ तालुक्यांतल्या गावांत कित्येक दिवस पाणी घरात उभं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही हत्यारांच्या पिशव्या घेऊन गेलो, वीज नव्हतीच. पार्टिकल बोर्डाच्या फर्निचरची अक्षरशः लापशी झाली होती, ते फेकायलाच मदत केली. साध्या कमर्शियल प्लायचे पदर सुटलेले. टिकलं होतं ते जुन्या सागाचं आणि बाभळीचं. पलंग, देव्हारे, पाट. ते धुऊन, सांधे उकलून, सावलीत सोडून वाळवायचे. उन्हात ठेवलं की फळी पिळवटते, तडकते. लोकांना घाई असते, साहजिक आहे, पण ओल्या लाकडाला गडबड चालत नाही.

सगळ्यात जास्त मागणी होती दरवाजे तासून द्यायची. फुगलेला दरवाजा चौकटीत बसत नाही. रंधा मारून बसवून दिला तर दोन महिन्यांनी वाळून आकसतो आणि बोटभर फट पडते. आमचं शहाणपण सांगत होतं, थांबा. पण घरात तरणी पोर असलेली बाई म्हणते, “रात्री दार लागत न्हाई, मी कशी झोपू?” तिला काय सांगणार? मग आम्ही दार उतरवून फक्त कुलपाच्या बाजूची कड नावापुरती तासायचो, बिजागरीखालच्या पट्ट्या काढून दार जरा आत घ्यायचो आणि आतून आडणा बसवून द्यायचो. दिवाळीनंतर दुसरी फेरी मारून नीट बसवलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा निदान काय करायचं नाही, ते माहीत होतं.

आता लाकूड. नवं सागवान घनफुटाच्या भावानं घेऊन दानधर्म करायला गेलात तर दीड लाख दिवाळीपर्यंत पुरणार नाहीत. जुने वाडे पाडतात तिथलं सागवान बघा. पन्नास-साठ वर्षं मुरलेलं, आता ते फारसं हलत नाही की पिळत नाही. रंध्यावर घ्यायच्या आधी चुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर पात्याची वाट लागते. आणि त्यावरचा जुना तेलरंग घासून काढू नका. त्यात शिसं असण्याची दाट शक्यता असते. रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. पाडलेल्या वाड्याचं दार त्याच्या कितीतरी आधीचं. रंगलेलं लाकूड आम्ही मुलांच्या वस्तूंना वापरतच नाही, वर्कशॉपची रॅक करायला ठेवतो.

एमआयडीसीत पॅकिंगची पाइनची खोकी आणि पॅलेट फुकट किंवा किरकोळ भावात मिळतात. त्यावरचा गव्हाच्या कणसासारखा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली (गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं). ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. एमबी घेऊ नका, आणि एचटी असलं तरी तेलकट डाग किंवा रसायनाचा वास आला तर सोडा. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं, पण त्याला भुंगा फार लवकर लागतो. पावसात रस्त्यावर झाड पडलं की सभासदांचे फोन येतात, “अण्णा, ओंडका मस्त आहे, उचलू का?” उचलायचा नाही. शहरातलं झाड नगरपालिकेच्या अखत्यारीत असतं, रीतसर मागून घ्या. सागाला तर वाहतुकीचा परवाना लागतो.

यंत्रांबद्दल माझं मत ऐकून तुमचे तरुण सभासद नाराज होतील: पहिलं वर्ष टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या फिरत्या पात्याची करवत) घेऊच नका. लांब फळ्या वखारीतच चिरून आणि प्लेन करून मिळतात, पैसेही फार पडत नाहीत. पैसे आधी चार भक्कम बेंचांवर आणि त्यांच्या वाइसवर (लाकूड घट्ट धरणाऱ्या शिकंज्यावर) घाला. बेंच हलत असेल तर रंधा काय घंटा चालणार! उंची साधारण ३२ ते ३४ इंच, कंबर दुखणाऱ्यांना दोन इंच जास्त. मग प्रत्येकी करवत, जॅक रंधा, चार पटाश्या, काटकोन तपासायला गुण्या, मोगरी (लाकडी हातोडा). धार लावायचे दोन चांगले दगड. पुष्कळसे क्लॅम्प, ते कधीच पुरत नाहीत. विजेवर चालणारं म्हणाल तर ड्रिल, जिगसॉ, नंतर पिलर ड्रिल. गॅरेजच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि उजेड भरपूर. साठीनंतर डोळे पटाशीच्या धारेपेक्षा आधी बोथट होतात.

भुशाचं मनावर घ्या. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं पहिल्या गटात टाकलीय, तंबाखूच्या शेजारी. सागाच्या भुशानं कित्येकांना खाज आणि दमा सुरू होतो. एन-९५ मास्क, घासकाम अंगणात, झाडू न मारता व्हॅक्यूम. जवसाच्या तेलानं पॉलिश करताना वापरलेलं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेतं. आमच्या एका डब्यातून रविवारी दुपारी धूर निघाला होता, शेजारच्या वहिनींनी पाहिला म्हणून वाचलो. फडकी दोरीवर पसरून वाळवायची, मग टाकायची.

आमच्यातला एकमेव मोठा अपघात टेबल सॉवरच झाला. संध्याकाळची वेळ, चहा झालेला, निघायची घाई, आणि ६६ वर्षांचे आमचे एक मित्र म्हणाले, “एकच काप राहिलाय.” अंगठ्याचं टोक गेलं. हात यंत्रात ओढला जातो म्हणून हातमोजे घालत नाही, सैल बाही नाही, अंगठी नाही, हे सगळं आम्ही पाळत होतो. दमलेल्या माणसानं यंत्रावर उभं राहायचं नाही, एवढं तेवढं राहिलं होतं. आता बारा वाजता त्या यंत्राची किल्ली माझ्या खिशात जाते. सगळ्यांचा सामूहिक अपघात विमाही त्याच महिन्यात काढला. तो आधी काढायला हवा होता.

नोंदणीची घाई नको. स्वतःच्या वर्गणीतून करताय तोवर दोघांच्या सहीचं बँक खातं आणि चोख वही पुरते, आणि तुम्ही तर बँकवालेच. बाहेरच्या लोकांकडून निधी गोळा करायचा म्हटलं की मात्र धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आलं. गणेश मंडळं दरवर्षी कलम ४१-क ची परवानगी काढतात, तसंच. नोंदणी करायची तर किमान सात जण लागतात. १८६० च्या कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या कायद्याखाली विश्वस्त न्यास, अशी दोन्ही नोंदणी आपल्याकडं होते. त्यानंतर दरवर्षी हिशोब तपासणी, आणि विश्वस्त बदलला की बदल अर्ज. आम्ही पाच वर्षं तसेच चाललो. एका कंपनीनं लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) देऊ केला आणि त्यांना ८० जीची (देणगीवर आयकरात सूट मिळायची) पावती हवी होती, तेव्हा केली.

गावातल्या सुतारांचा विषय कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो. आमच्या डेस्कांचा फोटो पेपरात आला त्या आठवड्यात एक सुतार येऊन दारात उभे राहिले. “तुम्ही पेन्शनवाले फुकट द्यायला लागला, तर शाळेची ऑर्डर मला कशाला मिळंल?” त्यांचं काय चुकलं? त्या दिवसापासून, ज्या शाळेकडं फर्निचरचं अनुदान आहे तिथलं काम आम्ही घेत नाही, सरळ त्यांच्याकडं पाठवतो. बाहेरचं पैशाचं काम तर अजिबात नाही, नातेवाइकाचा टीव्ही युनिट असला तरी. आणि तेच सुतार महिन्यातून एकदा मानधन घेऊन आम्हाला शिकवायला येतात. कुसू (फळीच्या टोकाला कापलेली जीभ) खाचेत असं बसवतात की फेविकॉल लाजतं. मी त्यांच्या पुढं पटाशी धरायला कचरतो, खरं सांगतो.

मेन्स शेडबद्दल एवढंच. ऑस्ट्रेलियात ती चळवळ १९९० च्या दशकात उभी राहिली. दक्षिण ऑस्ट्रेलियात गूलवा इथं १९९३ मध्ये एक शेड निघाली, १९९८ मध्ये व्हिक्टोरियातल्या टोंगाला गावानं ‘मेन्स शेड’ हे नाव घेतलं, आणि आज त्या देशात हजाराच्या वर शेड आहेत. पण तिथला मूळ हेतू निवृत्त, एकट्या पडलेल्या पुरुषांना चार लोकांत आणणं हा आहे. दानाच्या वस्तू त्यातून निघतात. तुमच्यातही हे दोन्ही हेतू असणार आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडं पत्नी गेल्यानंतर एक गृहस्थ यायला लागले, वर्षभर त्यांनी फक्त भुसा झाडला आणि चहा केला. कुणी काही म्हटलं नाही. फक्त हे दोन हेतू एकमेकांत मिसळू देऊ नका. आपला रविवार चांगला गेला म्हणून अंगणवाडीनं ट्रक कपाटावर सांभाळावेत, असं होऊ नये.

राहिली तुमची खेळणी. करा, पण पन्नास नको, पाच करा. सावंतवाडीचे कारागीर पांगारा वापरतात, चन्नपट्टणचे काळा कुडा. तुम्हाला साताऱ्यात शिवण किंवा हळदू मिळेल, दोन्ही गुळगुळीत निघणारी. प्लाय नको, त्याच्या कुसळ्या निघतात. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक कसोटी: सव्वा इंच, म्हणजे दहा सूत व्यासाचं नळकांडं घ्या, खेळण्याचा सुटा किंवा निखळू शकणारा कुठलाही भाग त्यात पूर्ण मावता कामा नये. प्रमाणित कसोटीतलं नळकांडं ३१.७ मिलिमीटरचं असतं. आम्ही चाकं दोन इंचांची करतो आणि आस आरपार घेऊन पाचर ठोकतो, खिळा कुठंच नाही. व्हार्निश नको. मेणाचा हात पुरे, नाहीतर लेथवर लाख. विकायची ठरवलीत तर १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. फुकट देताना आपल्याला काही लागत नाही असं गृहीत धरू नका, एकदा माहीतगाराला विचारून घ्या.

ती पाच खेळणी ताईंच्या हातात द्या आणि सांगा, की मोडली तर आम्ही आहोत, कपाटावर ठेवायची नाहीत. महिन्यानं जाऊन बघा. ज्या गाडीचा रंग उडालाय, कोपऱ्यावर दातांच्या खुणा आहेत आणि जिच्यावरून दोघांची भांडणं होतात, तशाच उरलेल्या पंचेचाळीस करा.